शेत आणि आभाळ एका फ्रेममध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतांचे फोटो काढणाऱ्यांकडून मला येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, फक्त शब्द बदलतात. म्हणून ते एकदाच नीट लिहून काढले. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडनिडे होत जातात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. क्षितिज फ्रेमच्या मधोमध घेतलं तर चूक आहे का? रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन सारखे भाग करून क्षितिज तिसऱ्या भागाच्या रेषेवर ठेवायचं) पाळायलाच हवा का?

चूक नाही, पण बहुतेक वेळा तो न घेतलेला निर्णय असतो. क्षितिज मध्ये आलं की आभाळ आणि जमीन दोघांना सारखी जागा मिळते, आणि दोघांकडे सारखंच सांगण्यासारखं क्वचितच असतं. ढग भरून आलेत? मग आभाळाला दोन भाग द्या. आभाळ कोरं आणि खाली सऱ्यांवर तिरपं ऊन? मग जमिनीला द्या. एवढं ठरलं की तिसऱ्या भागाची रेषा आपोआप जवळपास येऊन बसते.

'रूल ऑफ थर्ड्स' हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकार-खोदकाराने वापरलं. त्याचं म्हणणंही आभाळ 'साधारण' दोन तृतीयांश किंवा 'साधारण' एक तृतीयांश घ्यावं, असंच होतं. कॅमेऱ्यातली ग्रिड नंतर आली आणि 'साधारण' हा शब्द गळून पडला. सतराव्या शतकातल्या याकोब फान राउस्डाल या डच चित्रकाराची हार्लेम गावाची चित्रं बघा. सपाट जमीन खाली पातळ पट्टीसारखी, वर ढगच ढग, आणि ढगांतून सुटलेली तिरीप नेमकी एखाद्या शेतावर. मधलं क्षितिज कुठे शोभतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

२. आभाळ अगदी कोरं, पांढुरकं आहे. मग फोटो काढूच नये का?

काढा, पण आभाळाला फ्रेममध्ये भाड्याने जागा देऊ नका. लांब लेन्स (टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी) लावा, क्षितिज पूर्ण कापा आणि नुसती शेतांची ठिगळं घ्या: हिरवा तुकडा, नांगरलेला तपकिरी तुकडा, मध्ये बांधाची रेघ. मळभ असेल तर सावल्या जातात आणि रंग उलट नीट दिसतात. दुसरा मार्ग अगदी उलटा आहे. आभाळ जवळजवळ सगळी फ्रेम भरून घ्या आणि खाली एकच गोष्ट ठेवा, एक झाड किंवा एक बुजगावणं. मग कोरेपणाच विषय होतो. अर्धवट, म्हणजे तिसरा भाग कोरं आभाळ, हे मात्र सगळ्यात वाईट.

३. प्रत्यक्षात इतकं भव्य दिसतं आणि फोटोत सगळं सपाट, रिकामं. असं का होतं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. कारण असं की समोरच्या देखाव्यात तुमचा डोळा फिरतो, हवं ते उचलतो आणि नको ते सोडून देतो. लेन्स तसं काही करत नाही. त्यात फोनचा मुख्य कॅमेरासुद्धा बऱ्यापैकी वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारा, असतो. दूरची टेकडी, जी तुम्हाला मोठी 'वाटत' होती, ती फोटोत नखाएवढी होते आणि मधला अर्धा किलोमीटर शेत एका बोटाच्या पट्टीत चेपून जातं.

उपाय दोनच. पहिला: जवळचं काहीतरी खरंच जवळून घ्या. एखाद्या ढेकळापासून दोन मीटरवर असाल तर एक मीटरवर या. ढेकूळ फोटोत दुप्पट होईल, टेकडी होती तेवढीच राहील. खोलीचा भास या फरकातूनच येतो. पण जवळची वस्तू बघण्यासारखी हवी. केवळ फोरग्राउंड हवं म्हणून घेतलेला दगड फोटोत दगडच राहतो. दव पडलेली धसकटं, ट्रॅक्टरच्या चाकोरीत साचलेलं पाणी, पाटाचं वळण, असं काही शोधा. दुसरा उपाय: ज्या टेकडीने तुम्हाला थांबवलं, फक्त तिचाच फोटो टेलीने घ्या.

४. कॅमेरा किती उंचीवर धरायचा?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. माझ्या मते निम्म्या फसलेल्या फोटोंचं कारण इथेच असतं. सपाट जमिनीवर एक पक्का नियम आहे: लेन्स जेवढ्या उंचीवर, बरोबर तेवढ्या उंचीवर क्षितिज प्रत्येक वस्तूला छेदतं, वस्तू जवळ असो की लांब. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा असेल आणि शेतात तुमच्याएवढीच माणसं काम करत असतील, तर सगळ्यांच्या डोळ्यांतून क्षितिजाची रेघ जाते. कॅमेरा वर-खाली कलवून हे बदलत नाही. कलवल्याने क्षितिज फ्रेममध्ये सरकतं, माणसाच्या डोळ्यांवरून हलत नाही.

एका बुजगावण्याचे मी तासभर फोटो काढले होते. घरी येऊन बघतो तर प्रत्येकात दूरच्या झाडांची काळी रांग त्याच्या गळ्यातून आरपार गेलेली, आणि मडक्याचं डोकं रांगेवर ठेवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी उकिडवा बसलो, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. रेघ त्याच्या खांबाच्या खालच्या भागावर उतरली आणि फाटका सदरा, पसरलेले हात, मडकं सगळं आभाळात मोकळं झालं.

उलटही करता येतं. बांधावर किंवा ट्रॉलीवर चढलात की माणूस पूर्ण क्षितिजाखाली जातो, पिकात बुडालेला दिसतो. गव्हासारखं कमरेएवढं पीक उभ्याने घेतलं की वरून पसरलेली चादर दिसते, गुडघ्यावरून घेतलं की ओंब्या आभाळावर उमटतात. ज्वारी किंवा मका डोक्यावर गेला असेल तर जमिनीवरून फक्त भिंत दिसणार. तिथे उंची शोधा किंवा त्या भिंतीचाच फोटो काढा.

५. सऱ्यांच्या रेषा सुंदर दिसतात, पण उभं कुठे राहायचं?

समांतर सऱ्या फोटोत क्षितिजावर एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूवर काहीच नसेल तर नजर तिथवर धावत जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. म्हणून आधी टोक शोधा: झाड, घर, टेकडीचा उंचवटा. मग शेताच्या कडेने आडवं चालत राहा, तुमच्या पायाजवळची सरी त्या झाडाकडे नेम धरेपर्यंत. कधी चार पावलं पुरतात, कधी शंभर.

सरीत नाक ठेवून सरळ उभे राहिलात तर चित्र सममित येतं, ठाम आणि थोडं ताठर. एका बाजूला सरकलात तर रेषा कोपऱ्यातून तिरप्या निघतात आणि चित्र हलकं होतं. रेषा नेमकी कोपऱ्यातूनच निघाली तर मात्र ती कोपऱ्याला बांधल्यासारखी दिसते, थोडी आधी सुरू करा. उतारावरच्या वळणदार सऱ्यांना हे काही लागू नाही, त्या जरा उंचावरून घ्या. ऊन सरीच्या दिशेनेच येत असेल तर रेषा पुसट होतात, कारण प्रश्न ८ मध्ये.

६. एकटं झाड फ्रेममध्ये कुठे ठेवू?

ज्या बाजूला ते झुकलंय किंवा त्याची सावली पडलीय, त्या बाजूला जागा सोडा. बुंधा जमिनीला टेकलेला दिसू द्या. आणि मागच्या झाडीत त्याचा डेरा अडकत असेल तर दोन पावलं डावी-उजवीकडे व्हा किंवा खाली बसा (प्रश्न ४).

७. विजेचे खांब आणि तारा मध्ये येतात. काय करू?

तारांपासून लांब जाऊन त्या चुकवता येतील असं वाटतं, पण लांबून त्या फ्रेमच्या आणखी मध्ये येतात. उलट तारांच्या खाली, किंवा ओलांडून पलीकडे उभे राहा, म्हणजे त्या डोक्यावरून मागे जातात. तेही जमत नसेल तर त्यांना विषय करा: मैलभर लहान होत जाणारे खांब ही सपाट रानातली एकमेव उभी लय असते. पुसून टाकणं सोपं आहे, मीही पुसतो. फक्त तार पुसून खांब तसाच ठेवू नका.

८. कोणत्या वेळी जावं? दुपारी काही मिळतं का?

सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंश वर येईपर्यंतचा वेळ, आणि संध्याकाळी तेवढाच, उत्तम. कारण फक्त सोनेरी रंग नाही. ६ अंशांवर कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साडेनऊ पट लांब पडते. १० सेंटीमीटरचं ढेकूळ जवळजवळ १ मीटर सावली टाकतं! नांगरट केलेलं शेत, जे दुपारी तपकिरी कागदासारखं दिसतं, ते या वेळी उठून बसतं. पण ऊन बाजूने हवं, सऱ्यांना आडवं. सूर्य पाठीशी असेल तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, शिवाय तुमची स्वतःची लांबच लांब सावली फ्रेममध्ये येते ती वेगळीच.

विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा वेळ लवकर संपतो. उत्तर-दक्षिणेला जावं तसा तो रेंगाळतो. सूर्य बुडाला की पाठ फिरवा. स्वच्छ आभाळ असेल तर पूर्वेला क्षितिजालगत निळसर करडी पट्टी वर चढताना दिसते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. ती करडी पट्टी म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. सपाट शेताइतकी ती दुसरीकडे क्वचितच नीट दिसते, आणि तेव्हाच सगळे ट्रायपॉड गुंडाळत असतात.

दुपारी ढगांच्या सावल्या पळत असतील तर थांबा. मागचं शेत उजेडात आणि पुढचं झाकोळलेलं, असा क्षण दहा-पंधरा मिनिटांत एकदा तरी येतो.

९. आभाळ नीट आलं तर शेत काळं, शेत नीट आलं तर आभाळ पांढरं फटक.

फार जुनं दुखणं आहे. १८५० च्या दशकातल्या कोलोडियन काचा (तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह) निळ्या प्रकाशाला अतोनात संवेदनशील होत्या, त्यामुळे आभाळ जळून जायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने समुद्राच्या काही फोटोंसाठी पाण्याची एक आणि ढगांची एक अशा दोन निगेटिव्ह एकत्र छापल्या, सांधा क्षितिजावर.

आज तेच काम सोपं आहे. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, एक्स्पोजर ढगांच्या उजळ भागासाठी धरा (हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका) आणि सावल्या नंतर उचला. अंधारातून पुष्कळ परत मिळतं, जळालेल्या पांढऱ्यातून काहीच नाही. फरक फारच असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घेऊन जोडा, पण वारा असेल तर ओंब्या दुहेरी दिसतील. वर गडद, खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर शेतावर झकास चालतो, कारण क्षितिज सरळ असतं. मध्ये उंच झाड असलं तर त्याचा शेंडा काळवंडतो. फोनवर ढगावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

१०. पोलरायझर (लेन्सपुढे फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) घ्यावा का?

घ्या, पण निळ्या आभाळासाठी नव्हे, पानांसाठी. पिकाच्या पानांवरची पांढरी चमक तो काढतो आणि खालचा हिरवा रंग दिसतो. आभाळावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा: अंगठा जिथे जिथे जातो तिथलं आभाळ गडद होतं. म्हणूनच फार वाइड लेन्सवर आभाळाच्या मध्येच निळाशार डाग पडतो आणि कडा फिक्या राहतात. तसं दिसलं तर रिंग थोडी मागे फिरवा. उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो हे लक्षात असू द्या.

११. पायाजवळच्या ओंब्यांपासून डोंगरापर्यंत सगळं शार्प कसं आणू?

फुल फ्रेम कॅमेरा (सेन्सर जुन्या ३५ मि.मी. फिल्मएवढा), २४ मि.मी. लेन्स, एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान), फोकस २ मीटरवर: साधारण १ मीटरपासून क्षितिजापर्यंत स्वीकारार्ह शार्प येतं. एफ/२२ वर जाऊ नका, तिथे सगळंच किंचित मऊ होतं. ओंबी ३० सेंटीमीटरवर असेल तर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फोटो जोडावे लागतात आणि तिथे वारा शत्रू असतो. एकाच फोटोत काम भागवायचं असेल तर वाऱ्यात शटर १/२५० च्या आसपास ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका. किंवा सरळ हार माना: ट्रायपॉडवर अर्धा सेकंद शटर उघडं ठेवा आणि पिकाच्या लाटा वाहू द्या. फोनचा सेन्सर लहान असल्याने ही चिंता जवळपास नसते.

१२. पाणी भरलेल्या शेतात आभाळाचं प्रतिबिंब घेताना क्षितिज मध्ये चालेल?

इथे चालतं, किंबहुना शोभतं, कारण वर-खाली एकच गोष्ट आहे. तरी दोन बारकावे सांगतो. प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी गडद असतं. एडिटिंगमध्ये ते वरच्यापेक्षा उजळ केलंत तर काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येणार नाही, पण खटकेल. दुसरं, प्रतिबिंब ही हुबेहूब उलटी प्रत नसते. पाण्याच्या तेवढंच खाली डोळा ठेवून पाहिल्यासारखं ते दृश्य असतं. म्हणून काठावरचं झुडूप पाण्यात मागच्या टेकडीला जास्त झाकतं. टेकडी पाण्यातही हवी असेल तर कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ न्याल तितका हा फरक कमी होतो.

१३. इंद्रधनुष्य फ्रेममध्ये मावत नाही!

मावणार नाहीच. कमानीची त्रिज्या सुमारे ४२ अंश, म्हणजे पूर्ण रुंदी ८४. फुल फ्रेमवर २४ मि.मी. लेन्स आडवी ७४ अंश बघते. १८ मि.मी. ला ९० मिळतात, तिथे मावतं. फोनवर अल्ट्रावाइड वापरा. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते ती दिशा कमानीचं केंद्र, म्हणून सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून कमान दिसतच नाही. पोलरायझर लावला असेल तर सांभाळून फिरवा, तो कमानीचा एखादा भाग गिळूही शकतो.

खरं सांगू का, मला पूर्ण कमानीपेक्षा तिचा एक पाय जास्त आवडतो. काळ्या ढगापुढे, उजळलेल्या शेतात उतरलेला. कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ असतं, त्याचाही उपयोग करून घ्या.

१४. ढग कसे 'वाचायचे'? आणि वादळ येताना थांबावं का?

ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकाने १८०२ साली ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं दिली. फोटोसाठी एवढी तीन पुरतात. क्युम्युलस म्हणजे कापसाचे गठ्ठे: त्यांचे तळ सपाट आणि एकाच उंचीवर असतात, त्यामुळे दूर जाताना त्यांच्या रांगा खालच्या सऱ्यांसारख्याच क्षितिजाकडे मिटत जातात. दोन्ही एकत्र साधलं तर बाकी काही लागत नाही. सिरसचे पिंजलेले तंतू तिरपे असतील तर त्यांना झाडाच्या किंवा पायवाटेच्या दिशेशी जुळवा. स्ट्रेटसच्या दिवशी प्रश्न २.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१-२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला आभाळाची कितीतरी अभ्यासचित्रं रंगवली आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ही सवय फुकट मिळते. फोनमध्ये दोन ओळी लिहा. वर्षभरात आपल्या रानावर कोणते ढग कोणत्या वाऱ्याने येतात ते कळू लागतं.

वादळाचं उत्तर एका ओळीत: गडगडाट ऐकू आला की निघा. मोकळ्या रानात सर्वांत उंच तुम्हीच असता. एकट्या झाडाखाली जाऊ नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा.

१५. सूर्य फोटोत इतका लहान का येतो?

कारण तो लहानच आहे, अर्ध्या अंशाचा. २४ मि.मी. लेन्सवर सेन्सरवरची त्याची प्रतिमा पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. २०० मि.मी. वर ती जवळजवळ २ मि.मी. होते. मोठा सूर्य हवा असेल तर लांब लेन्स लावा आणि झाडापासून लांब जा, म्हणजे झाड लहान होईल आणि सूर्य तेवढाच राहील. तो स्वतःच्या रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत सरकतो, तेव्हा जागा आधी ठरवा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या काचेतून) टेलीने सूर्याकडे बघू नका, स्क्रीन वापरा.

१६. उभा फोटो, आडवा की पॅनोरमा?

पायापासून ढगापर्यंत गोष्ट असेल तर उभा. फोनच्या पॅनोरमात सरळ बांध धनुष्यासारखा वाकतो, म्हणून बांधाला समांतर उभं राहून पॅनोरमा घेऊ नका.

१७. दुसऱ्याच्या शेतात शिरावं लागतं. काय पाळावं?

विचारून जा. एवढंच पुरेसं नाही: कुठून चालायचं तेही विचारा, कारण मोकळी दिसणारी जमीन नुकती पेरलेली असू शकते. ट्रायपॉडचे पाय रोपांवर नव्हे, दोन ओळींच्या मध्ये. फाटक जसं होतं तसं, उघडं तर उघडं. शेताच्या मालकाला एक फोटो पाठवा. पुढच्या वेळी कापणी कधी, नांगरट कधी, हे तोच सांगेल, आणि ती माहिती कोणत्याही ॲपमध्ये नसते.

१८. एडिटिंगमध्ये आभाळ बदललं तर चालतं का?

स्वतःच्या भिंतीवर लावायला काहीही चालतं. स्पर्धेत किंवा बातमीसाठी नियम वाचा, बहुतेक ठिकाणी नाही चालत. पण पकडलं कसं जातं ते सांगतो. ढगांवर ऊन डावीकडून आणि झाडाची सावलीही डावीकडे. चाकोरीतल्या पाण्यात जुनंच आभाळ. आभाळ टेलीने घेतलेलं, शेत वाइडने, त्यामुळे क्षितिजाजवळचे ढग डोक्यावर असावेत एवढे मोठे. आणि डेऱ्याच्या फटींतून डोकावणारे पांढरे ठिपके, तिथे नवं आभाळ पोचलेलंच नसतं. प्रश्न ९ मधल्या ल ग्रेला समुद्राच्या सरळ क्षितिजामुळे सांधा लपवता आला, तरी तोही पुढे सापडलाच: त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर एकच ढग आहेत.